पुढल्या वर्षीचं मागणं

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही या, खांब काही पडत नाही तुमच्यावाचून. कीर्तन मी करणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. मी आपली पेटी वाजवणारी बाई. पण विश्वंभरबुवा आठल्यांच्या मागे पेटीवर बसण्याचं भाग्य मला लाभलं, आणि त्यांचा एक प्रसंग आज तुमच्या ओंजळीत घालायचा आहे. ऐकून झाल्यावर मी तुमच्याकडे एक मागणार आहे. तेवढं दिलंत की माझी बिदागी पोचली.

आमच्या माडवण्याला रामनवमीचा उत्सव असतो. नवमीला जन्म, दशमीला दुपारी लळित. लळित म्हणजे उत्सवाचं शेवटचं कीर्तन, ते मागण्याचं. आख्यान संपलं की बुवा देवासमोरच्या पायरीवर उभे राहतात आणि गावासाठी देवाकडे मागतात. एकेक मागणं झालं की सगळी मंडळी त्याला साथ देतात.

त्या दशमीलाही देवळापुढे झावळ्यांचा मांडव होता, पन्ह्याची घंगाळं भरलेली होती. बुवांनी पागोटं सारखं केलं आणि सुरुवात केली.

"रामराया, अप्पा खोतांच्या कलमांवर यंदा तुडतुडे पडले. पुढल्या साली मोहोर टिकू दे."

"टिकू दे!" मंडळी म्हणाली.

"शेवंतीच्या लेकाला मुंबईत भाड्याची का होईना, खोली मिळू दे."

"मिळू दे!"

"आमच्या पेटीवाल्या द्वारकेच्या गुडघ्यांत वंगण घाल, उठताना भात्यापेक्षा जास्त वाजतात."

"वंगण घाल!" सगळा मांडव हसला. मीही हसले आणि मनात म्हटलं, बुवा सावरले हो.

कारण माघापासून बुवा पार मिटून गेले होते. जेवण नाही, बोलणं नाही, अंघोळीलासुद्धा त्यांच्या पत्नी रोहिणीवहिनींनी दहादा म्हणावं तेव्हा उठायचे. असे दिवस त्यांना मधूनमधून यायचे. तालुक्याचे डॉक्टर उदासपणावरच्या गोळ्या द्यायचे, बुवा पुन्हा फुलायचे, आणि आम्ही देवापुढे नारळ फोडायचो. त्या खेपेला मात्र गोळ्यांनी गुण येत नव्हता. उत्सवाच्या तोंडावर ते एकाएकी शांत झाले. चेहरा कसा निवळल्यासारखा. वहिनींनी समाधानाचा श्वास टाकला आणि बुवांच्याच आग्रहाने त्या पुतण्याच्या मुंजीसाठी माहेरी गेल्या.

तर मागणी चालली होती. आजाऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी, समुद्रात गेलेल्या होड्यांसाठी. सर्वांत शेवटी बुवांचं स्वतःचं मागणं असायचं. दर वर्षी एकच. "आणि या विश्वंभराला पुढल्या वर्षी याच पायरीवर उभा कर." यावर मंडळी "उभा कर!" अशी गर्जना करायची की देवळामागचे कावळे उडायचे. मी त्या ओळीसाठी षड्ज धरून ठेवायची. तो माझा ठरलेला सूर.

त्या दिवशीही मी सूर धरला.

बुवांनी होड्यांसाठी मागितलं, क्षणभर देवाकडे पाहिलं आणि आरती सुरू केली. झांजा वाजल्या. मीही सूर सोडून आरतीमागे गेले.

आरतीनंतर बुवांनी गळ्यातलं उपरणं काढून तबलजी सदू पाटणकराच्या खांद्यावर घातलं. हातातल्या चिपळ्या माझ्या ओच्यात ठेवल्या. "या तुझ्याकडे राहू देत, द्वारके." तंबोरा देवस्थानाला दिला. अप्पा खोतांचे डोळे भरून आले.

"पाहिलंत? वैराग्य वैराग्य म्हणतात ते हे! मागितलं तेसुद्धा सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी एक अक्षर नाही!"

मंडळी रांगेने बुवांच्या पाया पडली. मीही पडले. आमच्यासारख्या कीर्तनवेड्या माणसांची ही गंमत बघा. आयुष्यभर संतांच्या कथा ऐकलेल्या. कुणी हातातलं सोडून द्यायला लागलं की आमचे हात आपोआप जोडले जातात.

मांडव रिकामा झाला. मी पेटी मिटायला बसले. भात्याचा खटका लावायचा तर माझं बोट त्या षड्जावरच होतं. बोटाला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, तुम्हांला घरातून निघाल्यावर कुलूप लावलं की नाही असं वाटतं ना, तसं. आणि मग अप्पांचे शब्द माझ्या कानात उलटे फिरले. स्वतःसाठी एक अक्षर नाही. अहो, पण ते अक्षर म्हणजे पुढलं वर्ष होतं!

सदू घंगाळं विसळत होता. मी म्हटलं, "सदू, बुवांनी पुढल्या वर्षीचं मागितलं नाही."

"विसरले असतील, ताई."

"सगळ्या गावाची दुखणी लक्षात राहिली, माझे गुडघेसुद्धा. हेच विसरले?"

सदूने खांद्यावरच्या उपरण्याकडे पाहिलं. मग घंगाळ खाली ठेवलं. "तुम्ही व्हा पुढे. मी रिक्षा घेऊन येतो."

बुवांचं घर देवळामागेच, पोफळीच्या बागेत. उन्हं कलायला वेळ होता. बुवा पडवीत झोपाळ्यावर बसले होते. पडवी झाडलेली, समया घासून उपड्या घातलेल्या, वहिनींची दोरीवरची लुगडी घड्या करून ठेवलेली. सणावारीसुद्धा नसतं इतकं नीटनेटकं.

"बैस, द्वारके. चहा करायचा तर दूध नाहीये. रतीब बंद करायला सांगितला."

"का?"

"कोण पिणार?"

मी उंबऱ्यावर बसले. "बुवा, पुढल्या वर्षीचं मागायचं राहिलं. मी सूर धरून बसले होते."

"राहिलं नाही गो." ते पोफळींकडे बघत होते. "देवापुढे खोटं कसं मागायचं?"

तुम्हांला सांगते, पुढचा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. असं काही तोंडाने उच्चारू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आपण विचारलं आणि त्यांच्या मनात नसलेलं भरवलं तर? पण समोर त्या उपड्या समया दिसत होत्या. मी मनातल्या मनात रामाला म्हटलं, काय पाप लागायचं ते मला लाव.

"बुवा, जीव द्यायचं मनात आहे का?"

झोपाळा थांबला. मला वाटलं रागावतील, हाकलतील. बुवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. पुष्कळ वेळाने म्हणाले, "आज सगळं गाव माझ्या पाया पडलं, द्वारके. प्रत्येकाला वाटलं, या म्हाताऱ्याचं बरं चाललंय. विचारलं कुणी नाही."

"मी विचारलं ना आता."

"होय. आज संध्याकाळचंच ठरवलं होतं."

मी त्यांना प्रवचन केलं नाही. इतकी कीर्तनं ऐकलेली बाई मी, दृष्टान्त काय कमी होते माझ्याकडे? पण एकही तोंडावर येईना. मी उठले आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "बरं. आता मी इथून हलत नाही. तुम्ही जाल तिथे मी."

"न्हाणीघरातसुद्धा?"

"दाराबाहेर बसेन. पेटी घेऊन."

त्या रडण्यातही त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी तो पाहिला.

सदूची रिक्षा आली. तालुक्याच्या डॉक्टरांकडे न जाता त्याने ती सरळ जिल्ह्याच्या गावी न्यायला सांगितली. त्याच्या बहिणीला तिथल्या मनाच्या डॉक्टरांचा गुण आला होता, ही गोष्ट त्याने इतकी वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. वाटेत मला सांगितली. बुवा आमच्या मधे बसले होते. घाटात सदूने, निघण्यापूर्वी खोतांकडच्या फोनवरून वहिनींना निरोप धाडल्याचंही सांगितलं, तेव्हा बुवा एवढंच म्हणाले, "मुंज अर्धी टाकून येईल ती. माझ्यामुळे."

"तुमच्यासाठी," सदू म्हणाला.

डॉक्टर होत्या सलमा मुकादम. वयाने माझ्याहून लहान, डोक्यावरून ओढणी, आवाज अगदी खालच्या पट्टीतला. बुवांना त्यांनी माझ्यासारखंच विचारलं. आडून नाही, सरळ. मरावंसं कधीपासून वाटतंय, कसं ठरवलं होतं, घरात जवळ काय आहे. जणू ताप कधीपासून आहे विचारावं, तसं. बुवा उत्तरं देत गेले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे झालं यांच्या वाईट दिवसांबद्दल. आता मला यांच्या चांगल्या दिवसांबद्दल सांगा."

मला जरा स्फुरणच चढलं. म्हटलं, डॉक्टरीणबाई मुसलमान असल्या तरी बुवांची थोरवी यांना कळायला हवी.

"काय सांगू, डॉक्टर! दिवाळीनंतर तर बुवांना असा बहर आला होता की बघत राहावं. पहाटे एका गावात कीर्तन, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. झोप म्हणून नाही! तरी चेहऱ्यावर तेज. बोलायला लागले की शब्द शब्दाला मागे टाकायचा. मला लय सांभाळता यायची नाही, सदूची बोटं फुटायची. बसल्या बैठकीला आर्या रचायचे. हातातली अंगठी काढून एका वासुदेवाला दिली. देवळाला चांदीचा दरवाजा करतो म्हणाले, सोनाराला घरीच बोलावलं. वहिनी रडल्या तेव्हा एवढे कडाडले त्यांच्यावर... पण ते असो. साक्षात देव बोलायचा हो त्यांच्या तोंडून!"

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं होतं. "असे बहर आधीही आलेत?"

"येतात की. उदास दिवस सरले की येतात. गोळ्या लागू पडल्या की."

"हे तालुक्याच्या डॉक्टरांना सांगितलं होतं कुणी?"

मी सदूकडे पाहिलं, सदूने माझ्याकडे. "ते काय सांगायचं? डॉक्टरांना दुखणं सांगतात. ही तर देवाची कृपा."

"कृपेबद्दल मी बोलत नाहीये, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "झोपेबद्दल विचारतेय."

मग बुवांचाच आवाज आला. "डॉक्टर, त्या दिवसांत मला भीती वाटायची. थांबावंसं वाटायचं आणि थांबता यायचं नाही. पण लोक हार घालत होते. सांगणार कुणाला?"

डॉक्टरांनी आम्हांला समजावलं. तो बहर आणि ही उदासी, दोन्ही एकाच आजाराची टोकं. आम्ही फक्त एक टोक डॉक्टरांना दाखवत आलो आणि दुसऱ्याला नमस्कार करत आलो. त्यामुळे तालुक्याचे डॉक्टर जे दिसलं त्यावर औषध देत राहिले, आणि नुसत्या उदासीवरच्या गोळ्यांनी अशा माणसाचा झोका कधीकधी दुसऱ्या टोकाला जोराने जातो. "आणि झोका जितका वर जाईल," त्या म्हणाल्या, "तितकं खाली येणं जिवावर बेततं. आपल्याला झोका थांबवायचा नाहीये. तुटणार नाही एवढाच ठेवायचाय."

बुवांना त्यांनी ठेवून घेतलं. पहाटेच्या गाडीने वहिनी आल्या, मुंजीतलं जरीचं लुगडं तसंच अंगावर. बुवांच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "पुन्हा मला माहेरी धाडाल तर बघा!" आणि त्यांच्या उशीवर डोकं टेकून रडल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी जे केलं ते मी कुठल्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं. आम्हां सगळ्यांना समोर बसवलं. नव्या गोळ्या वहिनींच्या ताब्यात. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, कारण हे औषध कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर घात. आणि विचारलं, "बुवा, उपास कोणकोणते?"

"चातुर्मासात मीठ सोडतो. अळणी जेवतो."

"या गोळ्यांवर मीठ सोडायचं नाही. अंगातलं मीठ कमी झालं की औषध रक्तात साठतं. निर्जळी उपासही नको. देवाला चालणार असेल तर दुसरं काही सोडा."

बुवांनी विचार केला. "वांगी सोडू?"

"वांगी खुशाल सोडा."

"ती मला मुळात आवडत नाहीत."

"मग देवाला सांगू नका," डॉक्टर म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग माझ्याकडे बोट. "बहर यायला लागला की आधी काय बदलतं?"

"लय," मी म्हटलं. "पहिल्या पदापासूनच लय वर जाते."

"म्हणजे माझ्याआधी तुम्हांला कळणार. कळलं की मला फोन करायचा. त्यांनी मना केलं तरी करायचा. चालेल ना, बुवा?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल. तशीही ती कधी माझं ऐकते!"

पुढचं वर्ष गोड गेलं म्हणाल तर नाही. बुवांचं अंग सुटलं, हात कापायला लागला. मी चिपळ्या परत दिल्या तेव्हा त्या हातात आपोआप खुळखुळल्या. "बघ, आता वाजवायचे कष्टही नकोत," म्हणाले, पण डोळे हसले नाहीत. हात कापतो हे वहिनींनी लगेच डॉक्टरांना कळवलं, त्यांनी रक्त तपासून गोळीचं माप थोडं उतरवलं. कापरं कमी झालं. सगळं गेलं नाही.

श्रावणात पहिलं कीर्तन झालं. नीट झालं, बेताचं झालं. पंगतीत अप्पा खोत म्हणाले, "पूर्वीचे बुवा राहिले नाहीत हो. ते तेज गेलं. रामनवमीला दुसरं कुणी बघायचं का?"

बुवा मागच्याच पानावर होते. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी वहिनी धावत माझ्याकडे आल्या. "ताई, गोळी घेत नाहीत म्हणतायत."

मी गेले. बुवा झोपाळ्यावर. मी शेजारी बसले.

"द्वारके, खरं सांग. तूही तेच म्हणतेस ना मनात? पूर्वी देव माझ्या तोंडून बोलायचा. आता नुसता मी बोलतो."

मला खोटं बोलता आलं नाही. "पूर्वीचं रंगायचं जास्त, बुवा. मांडव डोलायचा. पण मी पेटीवर जीव मुठीत धरून बसायची. काल पहिल्यांदा तुमचा शब्द न् शब्द मला ऐकू आला." आणि मग माझा बांध फुटला. "मला तेज नको. मला तुम्ही हवे आहात. त्या पायरीवर कापत्या हाताने उभे राहा, सुरात चुका, पण उभे राहा."

आतून वहिनींनी पाणी आणि गोळी आणली. बुवांनी ती तळहातावर घेऊन किती वेळ पाहिली. "मी बोलतो आणि देव ऐकतो, असंही असेल कदाचित," स्वतःशीच पुटपुटले आणि गोळी गिळली. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. सोडावीशी वाटत होती, हे सांगायला हवं."

रामनवमी आली. अप्पांनी दुसऱ्या बुवांना विचारलं होतं, त्यांचं जमलं नाही. कुणाचं न जमण्यात कुणाचं भलं असतं, ते रामालाच ठाऊक.

दशमीची दुपार. तोच मांडव, तेच पन्हं. बुवांनी आख्यान संथ लावलं. काही माणसं चुळबुळली, एक-दोघं जांभई दाबत होते. मग मागणी सुरू झाली. कलमांसाठी, होड्यांसाठी. एक नवं मागणंही आलं, "सलमा डॉक्टरांच्या हाताला यश दे." त्या कोण हे पुष्कळांना ठाऊक नव्हतं, तरी "यश दे!" म्हणाले सगळे.

आणि बुवा थांबले.

मी षड्ज धरला होता. भाता ओढत होते आणि ओढतच होते. बुवा देवाकडे बघत होते. चिपळ्या बारीक खुळखुळत होत्या, तेवढाच आवाज. सदूने तबल्यावरचा हात उचलून धरला होता. बायकांमध्ये बसलेल्या वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"आणि..." बुवांनी ओळ उचलली. त्यांनी घसा साफ केला. वळून माझ्याकडे पाहिलं, सूर आहे ना, असं. मी मान हलवली. "आणि, रामराया, या विश्वंभराला पुढल्या वर्षी याच पायरीवर उभा कर."

मंडळींनी नेहमीसारखी गर्जना केली. त्यांना काय माहीत! कावळे उडाले. सदूचा तबला भलत्याच मात्रेवर कोसळला. माझं "उभा कर" राहूनच गेलं. पेटीने म्हटलं माझ्याऐवजी.

त्यानंतर बुवांनी ती ओळ पुष्कळ वर्षं मागितली. मधे दोनदा लय चढली, मी फोन केला. एकदा पुन्हा मिटले, तेव्हा त्यांनी स्वतःच माझ्या दारात येऊन सांगितलं, "द्वारके, तो विचार परत आलाय. चल." आम्ही गेलो. पिकल्या वयात, छातीच्या साध्या दुखण्याने, वहिनींचा हात हातात असताना ते गेले. त्या साली लळिताला नवे बुवा होते. त्यांनी सगळं नीट मागितलं. मी सवयीने षड्ज धरला आणि तो कुणासाठी धरलाय हे मला कळेना. तो आता तुमच्यासाठी धरावा म्हणून आज तुम्हांला इतकं जवळ बोलावलं.

माझं मागणं एवढंच. उद्या तुमच्या घरात, शेजारात, देवळात कुणी सगळ्यांसाठी मागेल आणि स्वतःचं पुढलं वर्ष तेवढं गाळेल, तर त्याच्या पाया पडू नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, उच्चारायला जीभ रेटत नसली तरी. आणि विचारताना माझ्या विश्वंभरबुवांची आठवण ठेवा. मी सूर धरून आहे.